वजन बरोबर, मग कंबर का वाढली?

‘‘तुम्ही तर बारीक, तुम्हाला काय होणार?’’ नातेवाइकांचं हे वाक्य माझ्या बाबांनी वर्षानुवर्षं ऐकलं. उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. हातपाय काटकुळे, फक्त पोट थोडं पुढे आलेलं. ते शर्टात लपायचं. गेल्या वर्षी नोएडातल्या त्यांच्या ऑफिसमध्ये आरोग्य तपासणी झाली आणि रक्तातली साखर वाढलेली निघाली. घरात कुणाचा विश्वासच बसेना. डॉक्टरांनी मात्र काट्याकडे पाहिलंही नाही. टेप काढली आणि कंबर मोजली. ९४ सेंटीमीटर.

तुमच्याही घरात असं कुणीतरी नक्की असेल. म्हणूनच वजनाचे हे आकडे काय सांगतात आणि काय लपवतात, हे समजून घ्या.

बीएमआय म्हणजे काय?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो तो बीएमआय. समजा तुमचं वजन ६० किलो आणि उंची १.५८ मीटर आहे. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५. साठला अडीचने भागलं की उत्तर २४.

हे सूत्र १९व्या शतकातले बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटले यांचं. ते डॉक्टर नव्हते. त्यांना एका माणसाचं आरोग्य तपासायचं नव्हतं, तर लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. बीएमआयची मर्यादा इथेच आहे. तो चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही आणि चरबी कुठे साठली आहे हेही सांगत नाही.

जगभर २५च्या खालचा बीएमआय ठीक मानला जातो. भारतीयांसाठी मात्र २००९ साली तज्ज्ञांनी वेगळी रेषा आखली. १८ ते २२.९ योग्य, २३ ते २४.९ जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा. म्हणजे वरच्या उदाहरणातली २४ बीएमआयची व्यक्ती लंडनमध्ये ‘नॉर्मल’ ठरेल, पण दिल्लीत किंवा पुण्यात नाही.

पुण्याच्या डॉक्टरांचा फोटो

असा फरक का? याचं उत्तर एका मराठी डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण देऊन दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण तपासलं तेव्हा युडकिन यांच्यात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आकडा एकच, पण चरबी दुपटीहून जास्त!

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळंही तपासली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू आणि पोटातले अवयव खूपच कमी भरले, पण त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. ‘दिसायला बारीक, आतून चरबी’ ही आपली ठेवण जन्मापासूनच सुरू होते, असं यातून पुढे आलं. तेव्हा बाबांची चूक फक्त आळसाची नव्हती. पण ठेवण अशी आहे हे कळल्यावर काळजी घेणं आपल्याच हातात आहे.

टेप कशी लावाल?

सरळ उभ्या राहा. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. आकडे लक्षात राहत नसतील तर एवढंच ध्यानात ठेवा, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. उंची १६० असेल तर कंबर ८०च्या आत. बाबांच्या १६८च्या निम्मे होतात ८४. त्यांची कंबर होती ९४, बीएमआय मात्र अगदी ‘छान’ २२.

१८ वर्षांखालच्या मुलांना हे आकडे लावू नका. त्यांच्यासाठी वयानुसार वाढीचे तक्ते असतात, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. गर्भवतींनाही हा हिशेब लागू होत नाही.

शरीराला किती ऊर्जा लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी लागतात आणि ५५ किलोच्या स्त्रीला १,६६०. काम मध्यम मेहनतीचं असेल तर हेच आकडे २,७१० आणि २,१३० होतात.

आता आपल्या घरांकडे पाहा. आजोबा शेतात राबायचे, त्यांच्या ताटात चार भाकऱ्या शोभायच्या. आपण मेट्रोत बसून ऑफिसला जातो, तिथे दिवसभर बसतो, रात्री मोबाइल घेऊन सोफ्यावर बसतो. ताट मात्र आजोबांचंच राहिलं आहे.

शिवाय नकळत पोटात जाणारं वेगळंच. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात आणि एक ग्रॅम तेलात ९. चहात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर घेत असाल, तर चार कप चहातून फक्त साखरेच्या १६० कॅलरी होतात. ६० किलोच्या व्यक्तीने अर्धा तास झपाझप चाललं तर खर्च होतात साधारण १२०. म्हणून ‘चालतोय ना, मग खाऊ दे’ हा हिशेब जमत नाही. उपाशी राहू नका. साखर, तेल आणि मैदा कमी करा. डाळ, उसळ, दही, अंडी यांचा वाटा वाढवा.

किती जोरात चालायचं?

व्यायामाचा जोर मोजायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर धाप लागते, तर जोरदार. आरामात गाणं गुणगुणता येत असेल, तर ती फक्त शतपावली.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. त्यासोबत निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही. हा दुसरा भाग आपण सोडूनच देतो. जेवणानंतर रक्तातली साखर वापरण्याचं मोठं काम स्नायू करतात आणि आपल्याकडे नेमके तेच कमी. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, इतक्यानेही सुरुवात होते.

तुम्ही म्हणाल, ‘‘घरकाम करतेच की!’’ झाडूपोछा जोरात केलात तर तो मध्यम व्यायामात मोडतो. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक केला तर पाय दुखतात, पण व्यायाम होत नाही.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये थंडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जोरात चालताना आपण जास्त हवा आत घेतो. हवेचा निर्देशांक ३००च्या वर असेल त्या दिवशी बागेत जाण्याचा हट्ट धरू नका. घरातच सूर्यनमस्कार घाला किंवा जागच्या जागी चाला. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाबांनी आता चहातली साखर सोडली आहे. रोज सकाळी खुर्चीवरून पंधरा वेळा उठतात, संध्याकाळी अर्धा तास चालतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. वजन जेमतेम किलोभर उतरलं, पण कंबर ९०वर आली आणि साखरही आटोक्यात आहे. शिवणाच्या डब्यातली टेप आता फ्रिजवर अडकवलेली असते.

तुमच्या घरातही ती टेप असेलच. आज रात्री जेवणाआधी काढा आणि सगळ्यांच्या कमरा मोजा. सुरुवात घरातल्या सर्वात बारीक मोठ्या माणसापासून करा.