आधी मोजा, मग फवारा

२००८च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातल्या सोयाबीनची पानं गेली, शिरा तेवढ्या राहिल्या. उंटअळी आणि तंबाखूची पानं खाणारी अळी यांनी मिळून चौदा लाख हेक्टरांहून अधिक पिकाचं नुकसान केलं. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला अळी काही नवी नव्हती. पण ती इतक्या तालुक्यांत एकदम उतरली आणि ती येतेय हे आधी कुणीच सांगितलं नाही. सरकारी व्यवस्थेला पंचनाम्याची सवय होती, आणि पंचनामा नेहमी अळी जेवून गेल्यावरच होतो.

त्या हंगामाच्या ठेचेतून २००९-१०मध्ये राज्याच्या कृषी विभागानं एक प्रकल्प उभा केला: पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प. एवढं लांब नाव कोण घेतो? खात्यात सगळे त्याला ‘क्रॉपसॅप’ म्हणतात. पैसा राष्ट्रीय कृषी विकास योजनेचा, संगणकप्रणाली दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राची, कापसाचं ज्ञान नागपूरच्या केंद्रीय संस्थेचं, सोयाबीनचं इंदूरचं आणि मराठवाड्यापुरता सल्ला परभणीच्या कृषी विद्यापीठाचा. सुरुवात सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भात अशा पिकांपासून झाली.

नावं मोठी असली तरी सगळा डोलारा उभा आहे तो शेतात वाकून बसलेल्या एका माणसावर. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये तो पांढरं कापड अंथरतो. एक मीटर ओळीतली झाडं कापडावर वाकवून हलक्या हातानं झटकतो. टपटप पडतात त्या अळ्या मोजायच्या आणि सरकून पुढच्या मीटरला बसायचं. फुलोऱ्याआधी मीटरमागे चार उंटअळ्या निघाल्या तर औषधाचा विचार करायचा. फुलोरा सुरू झाला की तीनच पुरे. त्याखाली असेल तर अळी जे खाते, त्यापेक्षा फवारणीचा खर्च जास्त. या रेषेला खात्याच्या भाषेत ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात.

कापसात हिशेब वेगळा. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी, म्हणजे ल्युर, टांगलेली असते; तिच्या मागे नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग एका सापळ्यात रोज, असं सलग तीन दिवस सापडलं की सावध व्हायचं. पण खरी परीक्षा बोंडांची. शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि एकेक फोडून बघायचं. बाहेरून टवटवीत दिसणाऱ्या बोंडात आत गुलाबी अळी सरकी पोखरत असते. वीसपैकी दोन बोंडांत ती निघाली, तर दहा टक्के झाले, म्हणजे कापसाची रेषा गाठली. फुलं न उमलता डोमकळ्या झालेल्या दिसल्या तरी तोच इशारा.

हे आकडे ठरलेल्या आणि सहज निवडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शेतांतून वर जातात, तालुक्यांचं चित्र तयार होतं आणि सल्ला मोबाइलवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर परत येतो. माझ्या मते या सल्ल्यांतला सगळ्यांत मोलाचा सल्ला ‘या आठवड्यात फवारू नका’ हा आहे, आणि तोच सगळ्यांत कमी ऐकला जातो. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की हात खाजवतात. शिवाय औषधाचा दुकानदार जूनमध्ये उधारीवर बियाणं-खत देतो आणि सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर पैसे घेतो. त्याला दुखवून कोण मोबाइलवरच्या संदेशाचं ऐकणार? दुकानदाराला खलनायक करण्यात अर्थ नाही. अडीअडचणीला तोच उभा राहतो. मात्र एका बाटलीच्या जागी तीन बाटल्या आणि वर एक टॉनिक, हा त्याचा सल्ला मोजणीतून येत नाही.

नको ते फवारणं काय करतं हे इंडोनेशियानं आपल्या आधी भोगलं. भातावरचा तपकिरी तुडतुडा फवारण्यांनी वाढला, कारण त्याला खाणारे कोळी आणि मित्रकिडे आधी मेले. १९८६मध्ये तिथल्या सरकारनं भातासाठीच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९पासून बांधावरच्या शाळा सुरू केल्या. आपल्याकडची ‘शेतीशाळा’ त्याच कुळातली. आपल्याला धडा मिळाला तो २०१७मध्ये, फार महाग. बोंडअळीनं कापूस पोखरला त्याच हंगामात किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

प्रकल्पाच्या मर्यादाही आहेत. कीड मोजणीच्या तक्त्यात असेल तरच तो तिला पकडतो. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडं सोयाबीन उगवलं आणि रात्रीतून कोंब गायब होऊ लागले. सापळ्यात काही नाही, कापडावर काही नाही. दिवसा दगडाखाली, काडीकचऱ्यात लपून बसणाऱ्या शंखी गोगलगायी अंधारात शेत चरत होत्या. कितीकांना दुबार पेरणी करावी लागली. उपाय मेहनतीचे होते: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात टाकायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या नाही तर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, बांधाला चुन्याचा पट्टा मारायचा. एकट्यानं करून भागत नाही, सगळ्या शिवारानं एकदम करावं लागतं. तिथं गावाची एकी लागते, ती कोणत्याच संगणकप्रणालीत नसते.

दुसरी अडचण माणसांची. सुरुवातीला मोजणीसाठी कंत्राटी कीड सर्वेक्षक होते. पुढं ते काम कृषी सहायकाच्या गळ्यात पडलं. त्याच्याकडं अनेक गावं आणि त्यातच पंचनामे, ठिबकची प्रकरणं, अनुदानाच्या याद्या. अशा माणसानं कापड अंथरलं की बांधावर उभं राहून अंदाजानं आकडा टाकला, हे दिल्लीच्या संगणकाला कळत नाही. आकडा खोटा असेल तर सल्लाही खोटा, आणि एकदा खोटा ठरलेला संदेश शेतकरी पुन्हा उघडत नाही. मोजणारा माणूस वेगळा आणि पुरेसा ठेवणं, हा यातला सगळ्यांत स्वस्त खर्च आहे. तोच वाचवला जातोय.

तेव्हा लातूर-नांदेडच्या वाचकाला एवढंच सांगणं. पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या वेचून वाळवून ठेवा. पाच किलो कुटून रात्रभर भिजवल्या की शंभर लिटर पाण्याचा अर्क होतो आणि पहिल्या फवारणीला तो पुरतो. घरातलं जुनं पांढरं धोतर शेतात न्या आणि स्वतः मोजा. आणि दुकानात जाण्याआधी कृषी सहायकाला आपल्या गावचा या आठवड्याचा आकडा विचारा. आकडा नसेल, तर का नाही हे ग्रामसभेत विचारा.