यात्रेसाठी जुनी गाडी घेताना

चैत्र लागला की आमच्या खान्देशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. माझी आजी तरुणपणी अशीच जात असे. तिच्या माहेरी दमणी होती. तीत पिठाचा डबा, कंदील, अंथरूण सारे मावे. आता तिचे गुडघे धरले आहेत. गडावर २०१८ पासून ट्रॉली झाल्याने पायऱ्यांची चिंता नाही; चिंता आहे ती पाचोऱ्याहून गडापर्यंतची. “माले एकडाव गडवर ली चाला,” असे ती म्हणाली आणि कापूस विकल्यावर नानांनी जुनी गाडी घेण्याचे मनात घेतले.

मोठ्या लोकांच्या फिरत्या गाड्यांत पलंग नि स्वयंपाकघर असते म्हणे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आमच्यासारख्यांची कॅरॅव्हॅन म्हणजे जुनी ओम्नी! तिचे उत्पादन २०१९ साली थांबले, पण आमच्याकडे ती अजून ठिकठिकाणी दिसते.

प्रथम हिशेब करावा. वर्षातून दोनदाच बाहेर पडायचे असेल तर भाड्याची गाडी स्वस्त पडते. उभ्या गाडीलाही विमा लागतो, बॅटरी उतरते, टायर कडक होतात. आम्हाला आजीला दवाखान्यातही न्यावे लागते, म्हणून नानांचे म्हणणे मला पटले.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणारा ती आधीच तापवून ठेवतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर इंजिनात पाणी शिरत असण्याचा संभव. पायाखालचे मॅटिंग उचलून गंज पाहावा. नव्या रंगाला भुलू नये. गॅसचे किट असेल तर त्याची नोंद आर.सी.वर हवी. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणे बेकायदेशीर तर आहेच, पण जिवावर बेतणारेही आहे.

पण आम्ही फसता फसता वाचलो ते कागदांपाशी. २०१३ सालची गाडी, सव्वा लाख किंमत. नानांनी मला न विचारता दहा हजार बयाणा देऊन टाकला होता, तोही पावतीशिवाय. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले तेव्हा दलाल हसला, “पोरीला गाडीतलं काय समजतं?” नाना त्याला काही बोलले नाहीत. आर.सी. माझ्या हातात देऊन एवढेच म्हणाले, “तू शिकेल शे ना? मंग वाच.”

आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारी मी पहिलीच. हात थरथरत होते. चेसिस नंबर जुळला. खाली मात्र ‘हायपोथिकेशन’ असा शब्द होता. म्हणजे गाडी कर्जाला तारण! कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दाखवा, असे मी म्हटले. दोन्ही नव्हते. ती गाडी आम्ही सोडली. बयाण्यातले पाच हजार मिळाले, पाच गेले. नाना घरी येईपर्यंत गप्प होते.

पुढे भडगावकडची एक ओम्नी घेतली, ती फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्यावरच. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यास अर्ज द्यावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ५ वर्षे वाढते. म्हणून गाडीची उरलेली वर्षे मोजूनच भाव करावा. आसने किती तेही आर.सी.वर पाहावे, ओम्नी ५ आसनांची असते तशी ८ आसनांचीही. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. मामांनी हा विचार आधीच सुरू केला होता!

नांदुरीचा घाट चढण्याआधी ब्रेक तपासून घेतले. उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नये, खालच्या गिअरमध्येच ठेवावी, हे चालवणाऱ्या काकांना मी दोनदा सांगितले, ते चिडले. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते, त्यामुळे तेथे बसणाऱ्यास ऊब लागते. आजी मात्र पुढची जागा सोडायला तयार नव्हती. तिच्याखाली घोंगडी दुमडून घातली, तेव्हा कुठे निघालो.