विश्लेषण : जुना ग्राहक टिकतो तो निष्ठेमुळे की नाइलाजाने?

वर्षानुवर्षे एकच मोबाइल कंपनी, एकच बँक, एकच विमा कंपनी. असा ग्राहक ‘पक्का’ समजण्याची पद्धत जवळपास सर्वच सेवा व्यवसायांत आहे. मात्र बाहेर पडण्याचा मार्ग सोपा झाला की यांतील बरेच जण निघून जातात, हे भारतात मोबाइल सेवेने दाखवून दिले. ग्राहक सेवा का सोडतो, जाण्यापूर्वी तक्रार का करत नाही आणि जुने असण्याची किंमत कधी कधी त्यालाच का मोजावी लागते, याचा हा आढावा.

नंबर तोच, कंपनी दुसरी…

मोबाइलचा नंबर बँकेत, गॅसच्या नोंदणीत, मुलांच्या शाळेत आणि सगळ्या नातेवाइकांकडे दिलेला असतो. तो बदलायचा तर या प्रत्येक ठिकाणी नव्याने कळवावे लागते. त्यामुळे रेंज मिळत नसली, बिलात चुका होत असल्या तरी ग्राहक पूर्वी कंपनी सोडायला धजावत नसे. कंपन्यांच्या दृष्टीने हा ग्राहक ‘निष्ठावान’ होता. प्रत्यक्षात तो अडकलेला होता.

‘मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी’ने हा अडसर दूर केला. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी प्रथम हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. सुरुवातीला एकाच दूरसंचार परिमंडळात कंपनी बदलता येत असे. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या परिमंडळात गेल्यावरही जुना नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०१९ मध्ये प्रक्रिया आणखी सुटसुटीत झाली. १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवून कोड मिळवायचा, तो नव्या कंपनीला द्यायचा आणि परिमंडळ तेच असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत बदल पूर्ण होतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असणे आणि पोस्टपेड बिलाची थकबाकी नसणे, या त्यातील प्रमुख अटी. अशा विनंत्यांची एकूण संख्या २०२४ अखेर १०० कोटींच्या पुढे गेली होती. एकाच ग्राहकाने अनेकदा कंपनी बदलल्याच्या नोंदीही यात आहेत. तरीही दार उघडे झाल्यावर ‘पक्का ग्राहक’ किती पक्का होता, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

जुलै २०२४ मध्ये काय घडले?

जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात दर वाढवले. बहुतेक प्लॅनमध्ये ही वाढ १० ते २५ टक्क्यांच्या आसपास होती. सरकारी बीएसएनएलने दर वाढवले नाहीत. ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार त्या एका महिन्यात बीएसएनएलच्या मोबाइल ग्राहकांत सुमारे २९ लाखांची भर पडली. एअरटेलचे सुमारे १७ लाख, व्होडाफोन आयडियाचे १४ लाख, तर जिओचे साडेसात लाख ग्राहक कमी झाले.

मात्र, पुढील महिन्यांत बीएसएनएलची वाढ मंदावत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची ग्राहकसंख्या पुन्हा घटली. खासगी कंपन्यांचे वाढलेले दर तेव्हाही कायम होते. बीएसएनएलचे फोर-जी जाळे मात्र त्या काळात अनेक भागांत उभे राहायचे होते. या स्वदेशी जाळ्याचे औपचारिक लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. कमी दर पाहून ग्राहक येऊ शकतो, पण महिन्याच्या शेवटी पुन्हा रिचार्ज करताना त्याला रोजची रेंज आणि इंटरनेटचा वेग आठवतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. शिवाय दोन सिमकार्डांच्या फोनमुळे पोर्टिंगही करावे लागत नाही. जुने सिम फोनमध्येच असते, फक्त त्यावर रिचार्ज होत नाही. अशा ग्राहकाचे जाणे कंपनीच्या लक्षात येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

टिकून राहणे आणि निष्ठा यांत फरक काय?

हा फरक नेमका मांडणारा शोधनिबंध ॲलन डिक आणि कुणाल बसू यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. यांतील बसू हे ‘द जॅपनीज वाइफ’ या कथेचे लेखक म्हणूनही परिचित आहेत. ग्राहक पुन्हा पुन्हा येतो का, एवढेच न पाहता सेवेविषयी त्याचे मत काय आहे हेही पाहावे, असे या मांडणीचे सूत्र. त्यातून ग्राहकांचे चार प्रकार पडतात.

पहिला खरा निष्ठावान. समोरच्या सलूनमध्ये खुर्ची रिकामी दिसत असतानाही आपल्या नेहमीच्या कारागिराची वाट पाहत बाकावर बसणारा. दुसरा वरवरचा निष्ठावान. पगार त्याच बँकेत जमा होतो म्हणून खाते ठेवणारा, पण त्या शाखेबद्दल चांगला शब्द न काढणारा. तिसरा मनात निष्ठा असूनही येऊ न शकणारा. खाणावळीचे जेवण आवडते, पण कामाची वेळ बदलल्याने तिथे पोहोचता येत नाही. चौथा कोणाचाच नाही. ज्या ॲपवर आज सवलत, त्या ॲपवरून तो मागवतो.

हिशेबाच्या वहीत पहिला आणि दुसरा ग्राहक सारखेच दिसतात. दोघेही नियमित येतात, दोघेही पैसे देतात. समोर नवा पर्याय उभा राहिला की मात्र दुसरा ग्राहक आधी जातो. आणि तिसऱ्या ग्राहकासाठी दर उतरवण्याची गरज नसते, डब्याची किंवा उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवण्याची सोय केली तरी तो परत येतो. कोणता ग्राहक कोणत्या गटातला, हे न ओळखता सर्वांना सरसकट सवलत देणे म्हणूनच वाया जाते.

सेवा पारखायची कशी?

कुकर विकत घेण्यापूर्वी हातात घेऊन पाहता येतो. सेवा मात्र घेतल्याशिवाय कळत नाही. काही सेवा घेतल्यानंतरही कळत नाहीत. गॅरेजमध्ये बदललेला भाग खरोखर खराब होता का, हे गाडीमालकाला सांगता येत नाही. म्हणून ग्राहक आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधतो. भारतीय वंशाचे प्राध्यापक ए. परशुरामन यांनी व्हॅलरी झेथॅमल आणि लिओनार्ड बेरी यांच्यासह १९८८ मध्ये सेवेचा दर्जा मोजण्याची पद्धत मांडली. ‘सर्व्हक्वाल’ नावाने ती ओळखली जाते. सेवेचे दृश्य रूप, दिलेला शब्द पाळणे, तत्परता, कर्मचाऱ्यांविषयी वाटणारी खात्री आणि ग्राहकाची वैयक्तिक दखल हे तिचे पाच निकष.

त्यांच्या अभ्यासात ग्राहकांनी सर्वाधिक महत्त्व दिले ते शब्द पाळण्याला. रंगरंगोटी, वातानुकूलित प्रतीक्षागृह यांचा क्रमांक बराच खाली होता. अनेक व्यावसायिकांचा खर्च मात्र याच्या उलट्या क्रमाने होतो. ‘उद्या पाठवतो’ असे सांगून तीन दिवस न येणारा माणूस किंवा ‘संध्याकाळी तयार’ म्हणून दुसऱ्या दिवशी मिळणारी गाडी नव्या फर्निचरने भरून निघत नाही.

तक्रार न करताच ग्राहक का जातो?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० मधील ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकाचा उगम नायजेरियाच्या रेल्वेत आहे. उत्तर नायजेरियातून बंदरापर्यंत भुईमूग वाहून नेण्याच्या कामात रेल्वेला ट्रकची स्पर्धा सुरू झाली. अंतर शेकडो किलोमीटरचे असल्याने रेल्वे सरस ठरायला हवी होती. स्पर्धेमुळे ती सुधारेल, ही अपेक्षाही होती. तसे झाले नाही. हर्शमन यांच्या मते त्याचे कारण असे की, ज्यांनी आवाज उठवून रेल्वेला सुधारणा करायला लावली असती, तेच ग्राहक सर्वांत आधी ट्रककडे वळले. रेल्वे सरकारी असल्याने उत्पन्न घटल्याचा चटकाही व्यवस्थापनाला बसला नाही.

एसटीची फेरी वेळेवर यावी म्हणून आगारात जाऊन भांडणारा प्रवासी वडापने किंवा स्वतःच्या दुचाकीने जाऊ लागला, की त्या फेरीबद्दल विचारणारे कोणी उरत नाही. मागे राहतात ते पर्याय नसलेले शाळकरी मुले-मुली आणि वृद्ध. नाराज ग्राहकापुढे निघून जाणे आणि बोलणे असे दोन मार्ग असतात. निष्ठेचे काम असे की, ती निघण्यापूर्वी त्याला बोलायला लावते. ज्याला त्या सेवेविषयी काही वाटते तोच तक्रार करण्याचा त्रास घेतो. म्हणून तक्रारवही कोरी असणे हे समाधानाचे लक्षण मानता येत नाही.

पॉइंट आणि कॅशबॅकने निष्ठा मिळते का?

आजच्या पॉइंट योजनांची जुनी आणि गाजलेली मालिका १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘ॲडव्हांटेज’ योजनेपासून सुरू झाली. जितका प्रवास, तितके मैल जमा आणि त्या बदल्यात मोफत तिकीट. इतर कंपन्यांनी पाठोपाठ तशाच योजना आणल्या. सर्वांकडेच पॉइंट असले की त्यांचे वेगळेपण संपते. ग्राहक चार-पाच कार्डे जवळ ठेवतो आणि ज्या दिवशी ज्याचा फायदा, ते वापरतो. पॉइंटमुळे ग्राहक पुन्हा येतो हे खरे, पण त्याचे मत त्यामुळे बदलतेच असे नाही.

याहून गंभीर प्रकार म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ताच अवघड करणे. सदस्यत्व घेण्याचे बटण ठळक, रद्द करण्याचे शोधूनही न सापडणारे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या पद्धतींविरोधात मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम किचकट करणे, हा त्यांतील एक प्रकार आहे.

निष्ठेचा दंड म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये तेथील स्पर्धा नियामकाकडे तक्रार केली. मोबाइल, ब्रॉडबँड, बचत खाती, घराचा विमा आणि गृहकर्ज या पाच क्षेत्रांत जुने ग्राहक नव्यांपेक्षा वर्षाला एकूण सुमारे ४ अब्ज पौंड जास्त मोजतात, असा तिचा अंदाज होता. नव्या ग्राहकाला स्वस्त दराने आणायचे आणि नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी थोडे थोडे वाढवत न्यायचे, अशी ही पद्धत. तेथील वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून घर आणि वाहन विम्यात त्यावर बंदी आणली. जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त हप्ता आकारता येत नाही.

भारतात गृहकर्जाबाबत असाच अनुभव येतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे बंधनकारक झाले. जुनी कर्जे मात्र आपोआप नव्या पद्धतीत गेली नाहीत. ग्राहकाने स्वतः विचारणा करून बदल मागायचा होता. हप्ता कापला जातोय म्हणून निर्धास्त राहिलेला कर्जदार जुन्याच पद्धतीत राहिला. वास्तविक वैयक्तिक कर्जदारांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड २०१२ पासूनच बंद झाला आहे. त्यामुळे दुसरी बँक शोधण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि तो मोकळा असल्याची जाणीव करून दिल्यावर सध्याची बँकही दराबाबत बोलायला तयार होऊ शकते.

ग्राहकाने आणि व्यावसायिकाने काय करावे?

विमा, इंटरनेट किंवा कर्ज यांचे नूतनीकरण किंवा आढावा असेल तेव्हा तीच कंपनी नव्या ग्राहकाला काय दर देते, हे आधी पाहावे. तफावत असेल तर लेखी विचारणा करावी. आरोग्य विम्यातही ऑक्टोबर २०११ पासून कंपनी बदलण्याची सोय आहे आणि जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात पूर्ण केलेली वर्षे नव्या कंपनीकडे धरली जातात. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी पुरेसा वेळ ठेवून अर्ज करावा लागतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

छोट्या व्यावसायिकाला यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. दर महिन्याला येणारे कोणते ग्राहक गेल्या दोन महिन्यांत आले नाहीत, याची यादी वहीतूनही काढता येते. त्यांना सवलतीचा मेसेज पाठवण्यापेक्षा फोन करून ‘काही चुकले का?’ असे विचारले तर कारण कळते. चूक झाली असेल तर ती मान्य करून लगेच भरपाई देणे, नवा ग्राहक शोधण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. आणि आलेल्या ग्राहकाला सांगितलेली वेळ पाळणे हे तर फुकटच आहे. समोरच्या दुकानात खुर्ची रिकामी असतानाही बाकावर बसून राहणारा ग्राहक त्यातूनच तयार होतो.