निवड यंत्राची, जबाबदारी कोणाची?

खानदेशात सोयरीक जुळविणे हे पूर्वापार मध्यस्थाचे काम. रावेर-यावलचा केळीचा पट्टा असो की शिरपूर-शिंदखेड्याकडील कापसाची गावे असोत, मुलाच्या विहिरीला पाणी किती, डोक्यावर कर्ज किती, घरातील थोरल्या सुनेला कसे वागविले जाते, हे सारे त्याला ठाऊक असे. त्याची माहिती बहुधा खरी असे. पण त्याचे श्रेय केवळ त्याच्या सज्जनपणाला देता येणार नाही. पुढची वीस वर्षे त्याला त्याच पंगतींत बसावयाचे असे. स्थळ फसवे निघाले तर पहिला बोल त्यालाच लागे. त्याच्या शब्दाला वजन होते, कारण शब्द खोटा ठरल्यास त्याची झळ त्यालाही पोहोचत होती.

ही व्यवस्था आता मोडकळीस आली आहे आणि तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. तिच्यात मुलीला विचारण्याची पद्धत फारशी नव्हती आणि जातीचे कुंपण ओलांडण्याची सोय तर मुळीच नव्हती. शिवाय जळगाव-धुळ्याची शिकलेली मुले-मुली नोकरीसाठी पुणे-मुंबईस गेली, अनेक कामगार कुटुंबे सुरतेत स्थिरावली. मध्यस्थाची ओळख तेथवर पोहोचत नाही. त्याची जागा प्रथम ज्ञातिसंस्थांच्या वधू-वर परिचय मेळाव्यांनी आणि छापील सूचींनी घेतली, मग विवाहविषयक संकेतस्थळांनी आणि आता मोबाइलवरील ॲपने. तेव्हा ॲप हवे की नको हा वाद व्यर्थ आहे. ते कोणत्या नियमांवर बांधलेले असावे, हा खरा प्रश्न आहे. कारण नियम बदलले की माणसांचे वागणे बदलते, हे बाजारपेठेइतकेच विवाहाच्या बाबतीतही खरे आहे.

विपुलतेची अडचण

२०१२ साली अमेरिकेत टिंडर हे ॲप निघाले आणि अंगठ्याच्या एका हिसड्यासरशी माणूस पसंत वा नापसंत करण्याची रीत रूढ झाली. या रीतीत पसंती कळविण्यास काहीच खर्च येत नाही. ज्याला खर्च नाही ते अमाप वाटले जाते आणि जे अमाप वाटले जाते त्याला किंमत राहत नाही. मुलगा शंभर जणींना पसंती कळवितो, कारण त्याला उत्तराची आशा नसते. मुलगी उत्तर देत नाही, कारण शंभरांतील खरा कोण हे तिला ओळखता येत नाही. दोघांचेही वागणे आपापल्या जागी शहाणपणाचे असते आणि तरीही दोघे रिकाम्या हातांनी परततात.

यात ॲप चालविणाऱ्यांच्या हिताचाही प्रश्न आहे. वर्गणीवर चालणाऱ्या धंद्यात ज्या दिवशी ग्राहकाला जोडीदार मिळतो, त्या दिवशी धंद्याला एक नव्हे, दोन ग्राहक गमवावे लागतात. हिंज नावाचे ॲप आपण काढून टाकले जाण्यासाठीच बनलो आहोत, अशी जाहिरात करते. पण ते ज्या मॅच ग्रुपच्या मालकीचे आहे, त्याच कंपनीचे टिंडरही आहे. ही ॲप माणसाला जोडीदारापेक्षा ॲपचेच व्यसन लावतात, असा दावा काही ग्राहकांनी १४ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेतील न्यायालयात या कंपनीविरुद्ध दाखल केला. कंपनीने आरोप फेटाळले. दाव्याचे काहीही होवो, हितसंबंधांचा हा पेच त्यामुळे नाहीसा होत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ साली विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वापरणाऱ्याने विवाहाचा हेतू स्पष्ट करावा आणि त्याच्या ओळखीची खातरजमा व्हावी, असा त्यांचा आशय आहे. सूचना योग्यच आहेत. परंतु 'माझा हेतू विवाहाचा आहे' या वाक्यापुढे खूण करण्यास काही पडत नाही. लबाडही ती करतो. हेतू सांगण्याने सिद्ध होत नाही, तो सिद्ध होण्यासाठी काही तरी खर्चावे लागते.

अल्पतेची शिस्त

हा खर्च पैशाचाच असला पाहिजे असे नाही. सूह्युंग ली व म्युरिएल नीडर्ले या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण कोरियातील एका विवाहविषयक संकेतस्थळावर केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे बहुतेकांना पसंतीसोबत पाठविण्यासाठी केवळ दोनच आभासी गुलाब देण्यात आले. गुलाब फुकटचे होते, पण दोनच होते. म्हणून ते कोणाला द्यायचे याचा विचार करणे भाग पडले. ज्या पसंतीसोबत गुलाब गेला, ती स्वीकारली जाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले. कागदी फुलाइतकीही किंमत नसलेल्या त्या चित्राला वजन आले, ते त्याच्या दुर्मीळतेमुळे.

पहिला शब्द कोणाचा, हाही केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली जोड्या जुळविण्याच्या ज्या रीतीचे गणित मांडले, तिच्यात प्रस्ताव मांडणाऱ्या पक्षाला शक्य तेवढे उत्तम स्थळ मिळते. ज्याने केवळ आलेल्या प्रस्तावांतून निवडायचे, त्याच्या वाट्याला उणे येते. पाहण्याच्या कार्यक्रमात मान खाली घालून बसलेल्या मुलीने पिढ्यान्‌पिढ्या हेच उणे सोसले. २०१४ साली निघालेल्या बंबल या ॲपने पहिला शब्द स्त्रीकडे ठेवला. २०२४ मध्ये त्याने हा नियम सैल केला, पण त्यामागील तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे.

या साऱ्याचा विचार केला तर खानदेशासाठी ॲप कसे असावे, याची रूपरेषा उमटू लागते. महिन्याला पाचांहून अधिक प्रस्ताव कोणाला पाठविता येऊ नयेत. आलेल्या प्रस्तावाला होकार वा नकार कळविल्यावाचून नवा प्रस्ताव पाहता येऊ नये. मौनात टांगून ठेवणे हा नकारापेक्षा मोठा अपमान आहे. मुलीचे खाते मुलीनेच उघडावे. वडील वा भाऊ यांनी तिच्या नावाने उघडलेले चालू नये. तिने अनुमती देईपर्यंत छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक दुसऱ्याच्या हाती जाऊ नये. शुल्क दरमहा न घेता एकदाच घ्यावे, म्हणजे ग्राहकाला रेंगाळत ठेवण्यात चालकाचा लाभ उरणार नाही. आणि कांदेपोह्यांपासून साखरपुड्यापर्यंत जो आठ-पंधरा दिवसांचा घाईचा काळ असतो, तो तीन-चार महिन्यांचा करण्यास ॲपने वाव द्यावा. परिचयाचा हा काळ आपल्या समाजाने कधी मान्यच केला नाही आणि त्याची भरपाई पुढे अनेकांना न्यायालयात करावी लागते.

जात आणि ८४२

जातीचा प्रश्न टाळता येणार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बंगाली दैनिकातील विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास करून २०१३ साली दाखविले की, स्वजातीचा आग्रह लोकांत फार तीव्र आहे. मात्र तो पाळताना इतर गुणांवर फारसे पाणी सोडावे लागत नाही, कारण स्वजातीतच तोलामोलाची स्थळे सापडतात. म्हणजे शिक्षण वाढले, शहरे वाढली, तरी जात आपोआप गळून पडेल ही आशा व्यर्थ आहे. ज्या ॲपमध्ये जातीचा रकाना सर्वांत वर असतो, ते ॲप ही भिंत केवळ दाखवीत नाही, ती आणखी उंच करते. तो रकाना ऐच्छिक व्हावा आणि शेवटी जावा, एवढे तरी रचनाकाराच्या हाती आहे.

काही गोष्टी मात्र कोणत्याही रचनेच्या हाती नाहीत. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ होती. जळगाव जिल्ह्यात ती होती ८४२. दहा वर्षांपूर्वी ती ८८० होती. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा असूनही हे घडले. ती मुले आज लग्नाच्या वयाच्या उंबरठ्यावर आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही तक्रार आजच गावोगाव ऐकू येते. पैसे घेऊन लग्न लावून देणारे दलाल आणि चार दिवसांत दागिन्यांसह नाहीशी होणारी नवरी, अशा फिर्यादीही या भागात नोंदल्या गेल्या आहेत. जी मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही, तिचे स्थळ कोणतेही यंत्र शोधून देणार नाही.

मुलींची संख्या कमी झाली की त्यांचे मोल वाढेल आणि हुंडा आपोआप संपेल, असे हिशेबी मनाला वाटते. परंतु जिला नकार देण्याचा अधिकारच नाही, तिची टंचाई तिला बळ देत नाही; ती केवळ इतरांच्या सौद्यातील भाव वाढविते. म्हणून चांगल्या ॲपची कसोटी त्याने किती लग्ने जुळविली ही नव्हे. किती मुलींना निर्भयपणे 'नाही' म्हणता आले, आणि त्या नकारानंतर त्यांच्या घरात कोणी त्यांना जाब विचारला नाही, ही ती कसोटी होय. यातील पहिले काम यंत्राच्या रचनाकाराने करावयाचे आहे. दुसरे काम आई-वडिलांचे आहे, आणि ते कोणत्याही यंत्रावर सोपविता येणारे नाही.