आदान-प्रदान प्रतिमानांची पडताळणी : कोयना धरण आणि सांगलीची द्राक्षबाग

प्रस्तावना

एखाद्या प्रणालीवर बाहेरून जे कार्य करते ते तिचे आदान आणि त्याच्या परिणामी प्रणालीतून जे प्रकट होते ते तिचे प्रदान होय. या दोहोंमधील संबंध गणिती रूपात मांडला की प्रतिमान सिद्ध होते. मात्र प्रतिमान रचणे आणि ते विश्वासार्ह ठरणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील कोयना धरण ही मानवनिर्मित आणि सांगली जिल्ह्यातील द्राक्षवेल ही जैविक प्रणाली घेऊन पडताळणीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

कोयना धरण : चुकलेले प्रतिमान आणि उतरलेले प्रतिमान

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात तीव्र भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. परंतु त्याच्या अनेक खंडांवर आडवे तडे गेले. हे तडे मुख्यतः पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, म्हणजे जेथे धरणाच्या खालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीच्या आसपास होते.

धरणाच्या संकल्पनात भूकंपाचा विचार झालाच नव्हता असे नाही. तत्कालीन प्रघातानुसार धरणाच्या वजनाच्या ०.०५ पट आडवे बल सर्व उंचीवर सारखेच गृहीत धरले होते. या हिशेबाने काँक्रीटमध्ये धोकादायक ताण उद्भवत नव्हता. या प्रतिमानात धरण म्हणजे जमिनीबरोबर एकसंध हलणारा ताठ ठोकळा होता. प्रत्यक्षात धरण लवते, त्याला स्वतःचा कंपनकाल असतो आणि माथ्याकडील भाग पायथ्यापेक्षा अधिक झोके घेतो.

कोयनेचे वेगळेपण असे की येथे आदान आणि प्रदान या दोहोंचीही नोंद उपलब्ध झाली. धरणातील त्वरणमापकाने भूकंपाचे धक्के टिपले. धरणाच्या अक्षाच्या दिशेने महत्तम त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, तर प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट होते. तडे हे प्रदान तर डोळ्यांसमोरच होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गतिकीय विश्लेषणात हे नोंदलेले त्वरण आदान म्हणून वापरले. उतार बदलतो त्याच पातळीजवळ काँक्रीटच्या ताणसामर्थ्याहून बराच अधिक ताण निर्माण होतो, असे त्यातून दिसून आले. गणिताने दाखविलेली जागा आणि तड्याची जागा जुळली. दरम्यान तडे बुजवून व उंच खंडांना आधारभिंती देऊन धरण बळकट करण्यात आले होते.

तथापि या यशालाही मर्यादा आहे. त्वरणमापक धरणाच्याच एका खंडातील गॅलरीत असल्याने त्याची नोंद पायथ्याची हालचाल मानणे हे एक गृहीतकच होय. शिवाय काँक्रीट धरणांसाठी विकसित होणाऱ्या संगणकीय पद्धती जगभर याच घटनेवर तपासल्या जातात. उत्तर आधीच ठाऊक असलेले गणित सोडविताना गुणांक उत्तराकडे वळविण्याचा मोह राहतो. जुळवून आणलेले साम्य म्हणजे अंशशोधन, पडताळणी नव्हे.

द्राक्षवेल : आदान तेच, प्रदान वेगळे

तासगाव, मिरज, पलूस भागातील द्राक्षबागांत केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू हा रोग शेतकऱ्यास एका पावसात संकटात टाकतो. पाऊस, तापमान व पानांवरील ओलावा ही येथे आदाने आणि रोगाची लागण हे प्रदान. इटलीत या रोगासाठी 'तीन दहा' हा साधा नियम रूढ झाला : तापमान किमान १० अंश सेल्सिअस, फूट १० सेंटिमीटर आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस असता पहिल्या लागणीचा संभव असतो. थंड हिवाळ्यानंतर वेल नव्याने फुटते त्या प्रदेशात हा नियम अर्थपूर्ण आहे. सांगलीत एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. वेल थंडीत दीर्घकाळ सुप्त राहत नाही आणि फळछाटणीनंतरच्या वाढीच्या काळात तापमानाची अट बहुधा पूर्ण झालेलीच असते. जी अट नेहमीच पूर्ण होते ती धोक्याचा व निर्धोक दिवस वेगळा करू शकत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. धोक्याचा इशारा मिळताच बागायतदार फवारणी करतो. पुढे रोग आला नाही, तर इशारा खोटा होता की फवारणी यशस्वी झाली? येथे प्रतिमानाचे भाकीतच आदान बदलते. याचा निर्णय करण्यास काही ओळी फवारणीविना ठेवाव्या लागतात आणि तेथील फळांवर पाणी सोडावे लागते. वर्षभराचे उत्पन्न एका हंगामावर अवलंबून असणाऱ्या शेतकऱ्याकडून ही अपेक्षा रास्त नाही. हे काम संशोधन प्रक्षेत्रांनी व महाविद्यालयांनी उचलणे योग्य होय.

समारोप

दोन्ही उदाहरणांतून पडताळणीच्या तीन अटी निष्पन्न होतात. आदानाचे मापन प्रदानापासून स्वतंत्र असावे. ज्या नोंदीवरून गुणांक ठरविले त्याहून वेगळ्या नोंदीवर प्रतिमान तपासले जावे. आणि ज्या परिस्थितीत ते तपासले तिच्या सीमा स्पष्ट सांगितल्या जाव्यात. धरणाच्या बाबतीत अशी कसोटी निसर्गाने एका पहाटे घेतली व तिची किंमत माणसांनी मोजली. बागेत ती दर हंगामात, काही ओळींच्या मोलाने घेता येते. प्रतिमानाचा उपयोग करण्यापूर्वी ते कोठे चुकू शकते हे शोधणे, हाच या अभ्यासाचा गाभा आहे.