लहान कलिंब्याचे स्वर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाडच्या चवदार तळ्यावर दरवर्षी २० मार्च रोजी, १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ जो जनसमुदाय लोटतो, त्याच्याबरोबर भीमगीतेही येतात, आणि त्या गायनास हार्मोनियम व ढोलकी यांच्या जोडीने आपणही साथ करावी अशा उमेदीने एखाद्या मुलाने आठ पात्यांचा, अंगठ्यांनी छेडावयाचा लहानसा कलिंबा हाती घेतला, तर जाणती म्हणविणारी माणसे त्यास बजावतात की, हे खेळणे सरगमीच्या पाठापुरतेच आहे, गाणी वाजवायची असतील तर सतरा पात्यांचे वाद्य घे. कित्येकांचे संगीत या एका सल्ल्यापायी अंकुरातच खुडले जाते, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेणे मला अगत्याचे वाटते.

कारखान्यातून आलेली स्वररचना हीच या वाद्याची मूळ आणि अपरिवर्तनीय रचना होय, हा पहिला गैरसमज. झिंबाब्वेतील शोना लोकांचे म्बिरा हे कलिंब्याच्या कुळातील प्राचीन वाद्य. त्याची जुळवणी कारागिरागणिक आणि गावागणिक निराळी असते, आणि मलावी व झिंबाब्वे येथील या वादनपरंपरेस युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज बाजारात मिळणारा कलिंबा ह्यू ट्रेसी या संगीतसंशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण आफ्रिकेत तयार करून विक्रीस आणला. पांढरी एकपासून सुरू होणारे शुद्ध सप्तक त्यावर बहुधा लावलेले असते ते ग्राहकाच्या सोयीसाठी. तो काही वाद्याचा धर्म नव्हे.

स्वर बदलण्यासाठी पाते कानशीने घासावे लागते, हा समज तर वाद्याचा नाश करणारा आहे. पाते घोडीवर केवळ दाबाने धरलेले असते. लहान हातोडीने त्याचे टोक हलकेच आत ठोकले की मोकळा भाग आखूड होऊन स्वर चढतो, आणि बाहेर सरकविले की उतरतो. कंपनसंख्या मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे अर्ध्या स्वराच्या फरकास लांबीतील सुमारे ३ टक्क्यांचा फरक पुरतो. म्हणजे ४० मिलिमीटर मोकळ्या पात्याचा शुद्ध निषाद कोमल करण्यास ते जेमतेम १.२ मिलिमीटर बाहेर घ्यावे लागते! हात आवरून ठोकावे, एवढीच काय ती खबरदारी.

आता मुख्य आक्षेप, पाती थोडी म्हणून गाणी थोडी. वस्तुतः पात्यांच्या संख्येहून षड्ज कोठे मानला याला महत्त्व अधिक, आणि ही गोष्ट भरताच्या नाट्यशास्त्रातील मूर्च्छनांच्या विवेचनापासून आपल्याकडे ज्ञात आहे. चढत्या स्वरांच्या क्रमाने पाती मोजली, तर एकही पाते न हलविता दुसऱ्या पात्यास षड्ज मानल्यास काफी थाटाचे सातही स्वर मिळतात. तिसऱ्यापासून भैरवीचा बराचसा विस्तार हाती येतो. चौथ्यापासून तीव्र मध्यमाचा कल्याण उभा राहतो. लोकगीतांत कोमल गांधार व कोमल निषाद किती वेळा भेटतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला नुसत्या काफीचे मोल सांगावयास नको.

त्यानंतर सातवे पाते, म्हणजे शुद्ध निषाद, कोमल करावे. पहिल्या पात्यापासून खमाज, दुसऱ्यापासून आसावरी. आणि चौथ्यास षड्ज मानले, तर शुद्ध स्वरांचे सप्तक मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत पसरते. षड्जाखाली उतरणारी जी चाल पूर्वी वाजतच नव्हती, ती आता सुखेनैव वाजते. माझ्या मते या वाद्यावरील सर्वांत किफायतशीर बदल हाच. एकाच गाण्यात दोन्ही निषाद असतील, तर तार षड्जाचे पाते कोमल निषादावर उतरवावे. गाण्यास तार षड्जाची गरज नसेल तेथे हा त्याग परवडतो. भैरवासाठी मात्र ऋषभ व धैवत ही दोन्ही पाती कोमल करावी लागतात, त्यास इलाज नाही.

एका गाण्यासाठी सर्व पाती बदलावी लागतात ही भीतीही अनाठायी. ती पाळी येते ती गायकाची पट्टी निराळी असेल तेव्हा. मंडळी काळी एकमध्ये गात असतील, तर आठही पाती अर्ध्या स्वराने चढवावी आणि प्रत्येक स्वर हार्मोनियमशी पडताळावा. खरखर ऐकू आली म्हणजे वाद्य बिघडले असेही नव्हे. म्बिरावर तसा नाद यावा म्हणून शिंपले वा बाटल्यांची झाकणे मुद्दाम बसवितात. आपल्या कलिंब्यावर मात्र ती खरखर बहुधा पाते घोडीवर नीट न बसल्याची खूण असते. पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या दमट हवेत पोलादी पाती गंजतात, तेव्हा वाजवून झाल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसावी.

नव्या वाद्याची खरेदी तूर्त तहकूब ठेवावी. जे गाणे वाजवावयाचे ते प्रथम गुणगुणून त्याचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर कागदावर टिपावा, षड्ज कोणत्या पात्यावर बसतो ते पाहावे, आणि मगच हातोडी हाती घ्यावी.