‘हो सर’च्या पलीकडे

नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेऊन परत निघालं की वाटेवर पेढ्यांची, बर्फीची, कवठाच्या बर्फीची दुकानं लागतात. पुडा घेतल्याशिवाय वाडीची वारी पुरी झाल्यासारखी वाटत नाही. समजा, अशा गावातल्या नववीच्या वर्गात जाऊन आपण विचारलं, ‘दात दोन वेळा घासता ना?’ सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणेल. त्यावरून एवढंच कळतं, की अपेक्षित उत्तर मुलांना पाठ आहे.

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली. बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांमध्ये किडलेले दात आढळले, तर पंधरा वर्षांच्या गटात ६३.१ टक्के. हे दात दुधाचे नव्हेत, जन्मभर पुरवायचे पक्के दात. याच वयात आईची देखरेख सुटते आणि हातात खाऊचे पैसे येतात. ‘साखरेनं दात किडतात’ हे मुलाला माहीत असतं. ‘माझे किडणार नाहीत’ ही त्याची समजूत असते. वागणं ठरतं ते बरेचदा समजुतीवर.

ही समजूत मोजायची कशी? १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी एक्स-रे तपासणी फुकट असूनही लोक येईनात. तेव्हा तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनातले प्रश्न शोधले. हा आजार मला होऊ शकतो का? झाला तर कितपत गंभीर? उपायानं फायदा होईल का? आणि तो करताना आड काय येतं? पुढे त्यात ‘मला हे जमेल का?’ याचीही भर पडली. दातांबाबतही हेच प्रश्न विचारता येतात.

मात्र ते थेट विचारून भागत नाही. मुलांपुढे विधानं ठेवतात आणि ‘पूर्ण सहमत’ ते ‘अजिबात असहमत’ अशा पाच पर्यायांपैकी एकावर खूण करायला सांगतात. लायकर्ट या अमेरिकन संशोधकानं १९३२ मध्ये मांडलेली ही रीत. एका मुद्द्यावर तीन-चार विधानं असतात, काही मुद्दाम उलटी. ‘दुखत नाही तोवर दात चांगलेच असतात’, ‘दात काढला की नजर कमी होते’, ‘मशेरीनं दात घट्ट होतात’. डोळे मिटून ‘सहमत’वर खुणा करणारा इथे लगेच सापडतो. कागदावर नाव नसतं, गुरुजी शेजारी उभे नसतात. दोन आठवड्यांनी तेच विचारून उत्तरं जुळतात का, हेही पाहतात.

शब्दही जपून वापरावे लागतात. आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो आणि मुलाच्या डोळ्यांपुढे अळी उभी राहते. प्रत्यक्षात तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताचं कवच विरघळवतं. गोड खाल्ल्यावर हा मारा साधारण अर्धा तास चालतो. म्हणून दिवसभर थोडं थोडं गोड चघळणं हे एकदाच पेढा खाण्यापेक्षा वाईट.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण दुखणं नेमकं कुठे, हे कळलं तरच औषध लागू पडतं. धोका स्वतःचा वाटतच नसेल तर मुलाला आरशात त्याचाच दात दाखवावा. पण रात्री मोरीत अंधार असेल, घरात पेस्ट संपलेली असेल, तर भिंतीवरची दहा चित्रंही निरुपयोगी. तिथे दिवा आणि फ्लोराइडची पेस्ट हवी. मशेरीत भाजलेला तंबाखू असतो. ती आजीच्या हातात रोज दिसत असेल, तर बोलणं आजीशीही करायला हवं.

तेव्हा आज रात्री मुलाला ‘दात घासलेस का?’ असं विचारू नका. ‘काल न घासता झोपलास, तेव्हा आड काय आलं?’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत रागावू नका. वाडीचा पेढा जरूर द्या. जेवणाबरोबर द्या, आणि झोपण्यापूर्वी त्याच्याबरोबर तुम्हीही ब्रश हातात घ्या.